तिलकच्या गाडीचे अकरा फोटो

कोसमटोल्यात घरं एकशे बारा, दुचाकी अठ्ठावन्न, आणि अख्ख्या गावाची म्हणावी अशी दुचाकी एकच. तिलक पटलेची. बाकीच्या सत्तावन्न गाड्या मागायला जा, एकीत पेट्रोल नसतं, दुसरी जावई घेऊन गेलेला असतो, तिसरीचा मालक 'आताच बंद पडली बाप्पा' असं तोंड करून उभा राहतो. तिलकच्या गाडीची चाबी मात्र गाडीलाच लटकलेली.

याचं कारण तिलकचा धंदा. गावाच्या तोंडाशी त्याची धान भरडायची छोटी मिल आहे. मंगळवार आणि शुक्रवार, दोनच दिवस चालते. सकाळी लोक पोती आणतात, तिलक पोत्यावर खडूने नंबर टाकतो, आणि नंबर येईपर्यंत माणसाला हातांचं काय करावं कळत नाही. तो बाहेर पाहतो. बाहेर गाडी, गाडीला चाबी.

"तिलक, जरा आमगावले जाऊन येतो बे."

मशीनच्या खडखडाटात तिलक मान हलवतो. काय ऐकलं हे त्यालाही माहीत नसतं. आमगाव नऊ किलोमीटर. परत यायची घाई मात्र जबरदस्त, कारण मिलचा नियम असा की नंबर पुकारला तेव्हा माणूस हजर नसेल तर पोतं रांगेच्या शेपटीला. आणि बाराच्या ठोक्याला विजेची लाइन जाते. शेपटीला गेलेलं पोतं म्हणजे पुढच्या खेपेपर्यंत शेजाऱ्याकडून उसने तांदूळ.

स्वतः तिलक तीसच्या वर जात नाही. मागच्या उन्हाळ्यात पोंगे विकणाऱ्या सायकलवाल्यानं त्याला मागे टाकलं, त्याला साक्षीदार तीन आहेत.

दिवाळीनंतर आमगावच्या रस्त्यावर, नाल्यावरच्या रपट्याच्या वळणावर, सरकारनं खांब रोवला. खांबावर पांढरी पेटी, शेजारी चाळीसची पाटी. त्या वळणानं आजवर किती हात-पाय मोडले याचा हिशेब गावात कोणी ठेवलेला नाही, पण तिथल्या बाभळीवर चपला लटकलेल्या पाहिल्या की अंदाज येतो. पेटीत कॅमेरा आहे हे आठ दिवसांत सगळ्यांना कळलं. जाताना खांब दिसला की सगळे दूध सांडू नये तशी गाडी नेत, आणि खांब मागे पडला की मूठ पिळत. येताना तर दूधही नाही. येताना पेटीची पाठ दिसते ना! 'पाठीले डोळे असते काय?' असा शोध शालीकरामनं लावला आणि गावानं तो एकमतानं पास केला.

पाठीला डोळे होते. पेटी दोन्हीकडून बघत होती. तिलकच्या मोबाईलवर मेसेज येऊ लागले. पण ग्रामसभेत बँकेचा माणूस सांगून गेला होता, की चालानचे खोटे मेसेज येतात, बोट लावलं की खातं साफ. तिलकनं छोटेलाल गुरुजींना विचारलं. गुरुजी निवृत्त मास्तर, दर सव्वीस जानेवारीला शाळेत 'वाहन सावकाश चालवा' यावर अर्धा तास बोलतात. गुरुजी म्हणाले, "डिलीट कर. मी तर पाहतही नाही." तिलकनं एकेक करून अकरा मेसेज डिलीट केले, आणि आपण अकरा वेळा वाचलो असं समजून निश्चिंत झाला.

तिलक एकतीस वर्षांचा. सात मुली पाहून झाल्या होत्या. दोघींना मिलचा आवाज नको होता, तिघींना गाव नको होतं, दोघींनी कारणच दिलं नाही. आठवी मुलगी त्यानं स्वतःच आईला सांगितली, आणि रुख्माबाईंच्या हातातलं सूप खाली पडलं. झालं असं, की मिलच्या पट्ट्यात सापडून तिलकचा तळहात फाटला. आमगावच्या दवाखान्यात ओमेश्वरी राहांगडाले नावाच्या नर्सनं चार टाके घातले, आणि चारही टाके घालताना त्याला झापलं. तिलक घरी आला तो हात धरून हसतच. हीच पाहिजे, नाही तर मिल आणि मी बरे, असं त्यानं आईला सांगून टाकलं. तिलक एवढं लांब वाक्य आयुष्यात पहिल्यांदा बोलला.

घर पाहायला मुलीकडचे शुक्रवारी आले, कारण ओमेश्वरीची सुट्टी शुक्रवारची. मुलीनं स्वतः घर पाहायला येणं आमच्याकडे नवंच. त्यात मिलचा दिवस. घर आणि मिल यांच्यामध्ये एक अंगण, अंगणात चौदा पोती आणि चौदा माणसं. कोणालाच हलायची इच्छा नाही. ओमेश्वरीचे वडील कुंजीलाल रेल्वेत गँगमन होते, आता सालेकशाकडे शेती पाहतात. वय एकसष्ट, मिशी पंचविशीतली.

पोहे झाले, चहा झाला. रुख्माबाईंनी कुंडली काढली. "छत्तीसमधून एकोनतीस जुळून राहिले जी."

"कुंडली राहू द्या काकूजी," ओमेश्वरी म्हणाली. "गाडीचे कागद दाखवा."

"गाडीचे?"

"माझ्या टेबलावर जे येतात त्यांचेही गुण जुळलेलेच असतात."

तिलकनं कागद आणून दिले. तिनं मोबाईलवर गाडीचा नंबर टाकला, कागदावरचे आणखी चार आकडे टाकले, वाट पाहिली, आणि तिच्या भुवया हळूहळू वर गेल्या.

"अकरा."

"अकरा काय, पोरी?" कुंजीलालनी विचारलं.

"अकरा चालान बाबूजी. सगळे वेगाचे. चार महिन्यांत."

कुंजीलालनी कप खाली ठेवला. रुख्माबाई उसळल्या, "माह्या पोराचे? अजी, याच्या मागं बैलगाडीवाला 'बाजू हो' म्हनून ओरडते!"

"चालवत कोण होतं?" ओमेश्वरीनं तिलकला विचारलं.

तिलकनं अंगणाकडे पाहिलं. अंगणातल्या चौदा माणसांना एकदम मिलच्या छपराचे पत्रे फार आवडू लागले.

"गाडी माझी आहे," तिलक म्हणाला. "मंग फोटोही माझेच."

"म्हणजे सांगणार नाही."

रुख्माबाईंनी कपाळावर हात मारला. आठवी मुलगीही चालली, हे त्यांना स्पष्ट दिसत होतं. कुंजीलाल चपला शोधू लागले.

पण ओमेश्वरी उठली नाही. तिनं मोबाईलचा पडदा अंगणाकडे वळवला. "बरं, फोटो तर आहेत. हेल्मेट कोणाच्याच डोक्यावर नाही, म्हणजे चेहरे छान आले. हा बघा पहिला. वेग अठ्ठावन्न. मागच्या सीटवर बकरी."

"बकरी नाही, बोकड आहे तो," शालीकरामच्या तोंडून निघून गेलं. बाकीची तेरा माणसं त्याच्याकडे वळली. त्याची बायकोही वळली. "तुमी तर खत आनाले गेलते ना?"

"खतच आनलं. बोकड रस्त्यात भेटला."

"दुसरा," ओमेश्वरी म्हणाली. "एकाहत्तर."

पडद्यावर पांढरं धोतर दोन्ही बाजूंना पंखासारखं पसरलेलं, चष्मा कपाळावर, आणि दात सगळेच्या सगळे दिसत होते. अंगणात असा हशा उठला की कोंबड्या छपरावर चढल्या. छोटेलाल गुरुजी घसा खाकरून म्हणाले, "तो उतार आहे. उतारावर गाडी आपोआप पळते. विज्ञान आहे."

"गुरुजी, तठी चढ आहे," कोणीतरी म्हणालं.

तिसऱ्या फोटोत धुरपताबाई होत्या, बचत गटाच्या अध्यक्ष. गाडी चालवता येते हे त्यांनी नवऱ्यापासूनही लपवलेलं. वेग चोपन्न. खरी गंमत मागच्या सीटवर होती. मागे त्यांच्या सासूबाई, वय अठ्ठ्याहत्तर, ज्या दिवाळीपासून खाटेवरून उठत नाहीत अशी गावभर ख्याती. दोन्ही हात आभाळात, पदर झेंड्यासारखा.

"तिनंच म्हटलं, अखीन जोरात चालव म्हनून!" धुरपताबाई ओरडल्या.

आता लपवण्यात राम उरला नव्हता. आणि मग असं काही झालं जे आमच्याच गावात होऊ शकतं: लोकांना मजा यायला लागली. "पुढचा दाखव पोरी, पुढचा माह्या असंल." "साठ? छे, मी साठच्या वर होतो, मशीन चुकली." गुरुजींचा एकाहत्तर कोणाच्यानं मोडेना, म्हणून दोघंतिघं खट्टू झाले. उमेंद्र नावाच्या एका सज्जन माणसाचा फोटो एकही निघाला नाही. तो दोनदा विचारून गेला, नीट पाहा ना ताई, मी बी गेलतो.

दहा फोटो झाले, दहा मालक सापडले. अकरावा फोटो कोणी घेईना. वेग एकोणपन्नास. नवीन शर्ट, पाण्यानं बसवलेला भांग, आणि एका तळहाताला पांढरी पट्टी.

ओमेश्वरीनं तारीख पाहिली. मग तिलककडे पाहिलं.

"टाके काढाले येत होतो," तिलक म्हणाला. "तुमची ड्युटी दोनले संपते म्हने."

अंगणात एक लांबलचक 'ओऽऽ' झालं. कुंजीलालची मिशी हलली. ओमेश्वरीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, पण ती आकडेवाली बाई. म्हणाली, "एकोणपन्नास म्हणजे एकोणपन्नास." आणि पुन्हा मोबाईलमध्ये डोकं घातलं.

"आमच्या ड्रेसिंगच्या खोलीत वही आहे," ती थोड्या वेळानं म्हणाली. "खांबाच्या आधी या रस्त्याचे महिन्याला चौदा-पंधरा जखमी यायचे. आता सात. वळणावरचा तर एकही नाही, दिवाळीपासून एकही नाही. त्या पेटीनं तिचं काम केलं. उरलेले सात कुठले सांगू? वळणाच्या पुढचे. पेटी दोनशे पावलं राखते हो, उरलेला रस्ता कोण राखील?"

तिनं पडद्यावर पुन्हा बोट फिरवलं.

"आणि हे दहा फोटो. सगळे मंगळवार नाही तर शुक्रवार. सगळे अकरा ते बारामधले. सगळे गावाकडे येताना. बाराले काय असतं इथं?"

"लाइन जाते," शालीकराम म्हणाला. "अन त्याच्या पहिले आपला नंबर चुकला तर पोतं शेपटीले. तिलकचा नियम आहे ना."

ओमेश्वरी तिलककडे वळली. "म्हणजे मूठ यांची, पिळणारे तुम्ही."

हे तिलकला लागलं. एवढ्या वर्षांत गाडी देणं म्हणजे पुण्य, अशीच त्याची समजूत होती. तो म्हणाला, "आजपासून चाबी खिशात ठेवतो."

"मग हे दुसऱ्याची गाडी घेऊन उडतील. चाबी लपवणं म्हणजे खांबापुरता ब्रेक दाबणं." तिनं पदर खोचला. "आज शुक्रवार. चौथ्या शुक्रवारी मी हेच उघडून पाहीन. चाबी जिथं लटकते तिथंच लटकली पाहिजे, आणि नवा फोटो एक नाही पाहिजे. मग बोलू. आणि एक गोष्ट. कोणाचं नाव झाकणं म्हणजे चांगुलपणा नव्हे. माझ्या टेबलावर येणाऱ्या प्रत्येकाले कोणीतरी झाकलेलं असतं."

ती गेली. तिलकनं त्या दिवशी सव्वीस किलो तांदूळ कोंड्यात मिसळला.

मंगळवारी मिलच्या दारावर खडूनं नवा नियम लिहिलेला होता: पोतं हजर म्हणजे माणूस हजर. पोत्याचा नंबर हलणार नाही. खाली दुसरी ओळ होती आणि तीच भयंकर होती: आमगावहून पन्नास मिनिटांच्या आत परत येईल त्याचं पोतं शेपटीला.

गावाला चक्कर आली. आजवर उशिराची शिक्षा माहीत होती. लवकर येण्याची शिक्षा कोणी ऐकली नव्हती. "म्हंजे मी कामं पटकन उरकली तर माह्या गुन्हा?" गुरुजींनी विचारलं. तिलकनं हिशेब सांगितला: जायला पंधरा, यायला पंधरा, बाजारात वीस. त्याच्या आत येणारा एक तर उडत आला, नाही तर गेलाच नाही.

पहिल्या आठवड्यात गुरुजींनी तोड काढली. खांब तेवढा सांभाळून गाडी पळवायची ती पळवायचीच, आणि गावाच्या शिवेवर मोहाच्या झाडाखाली बसून उरलेली मिनिटं घालवायची. दोन दिवसांत ते झाड इतकं गजबजलं की मुर्रा-फुटाणेवाला तिथे बसू लागला. मग धुरपताबाईंच्या सासूबाईंनी हट्ट धरला, माही खाट मोहाखाली नेऊन टाका. चार जणांनी खाट उचलून नेली. म्हातारी उशाला घड्याळ घेऊन पडली, आणि जो सावलीला टेकेल त्याच्या नावानं मिलपर्यंत ऐकू जाईल अशी हाक मारू लागली: "तिलकाऽऽ, मास्तर वीस मिनटं पहिले आला रेऽऽ!" या पेटीला पाठ नव्हतीच. गुरुजींचं पोतं लागोपाठ दोनदा शेपटीला गेलं, आणि तिसऱ्यांदा ते आमगावहून इतके सावकाश आले की म्हातारीनं त्यांना विचारलं, चक्का पंचर आहे काय?

आणि हळूहळू लोकांना एक शोध लागला. घाई काढून घेतल्यावर पळवायचं कशासाठी, हेच आठवेना. शालीकराम सांगू लागला, त्या रस्त्याले एक तळं आहे म्हने, मी आताच पाहिलं. दोन आठवडे गेले, तीन गेले. मोबाईल गप्प.

चौथ्या मंगळवारी कुंजीलाल आले. सोबत बसमधून आणलेलं अर्धं पोतं धान. सालेकशाला गिरण्या संपल्या होत्या की काय, हे कोणी विचारलं नाही. माणूस होणाऱ्या जावयाची परीक्षा घ्यायला आलाय हे बोकडालाही कळलं असतं. तिलकनं पोत्यावर नऊ नंबर टाकला. कुंजीलाल दहा मिनिटं बसले, मिशी कुरवाळली, बाहेर पाहिलं.

"आमगावले एक काम होतं."

"चाबी गाडीलेच आहे मामाजी," तिलक म्हणाला. "पन्नास मिनटं लक्षात ठेवजा."

कुंजीलाल बरोबर बावन्न मिनिटांनी परतले. म्हातारीनंही तक्रार केली नाही. तांदूळ घेऊन, चहा पिऊन, पसंत आहे असं तोंड करून गेले.

शुक्रवारी सकाळी दहा वाजता तिलकचा मोबाईल वाजला. मिल चालू होती, अंगणात सोळा माणसं होती. तिलकनं मेसेज वाचला, फोटो उघडला आणि मशीन बंद केली. बाराच्या आधी मशीन बंद झाली म्हणजे कोणी तरी मेलं, असं समजून सगळे आत धावले.

फोटोत कुंजीलाल होते. वेग त्रेसष्ट. दुपट्टा मागे चार हात उडालेला, मिशा दोन्हीकडे पांगलेल्या, तोंड उघडं. गात होते बहुतेक. आणि फोटो येतानाचा नव्हता, जातानाचा. चाळीसची पाटी समोर ढळढळीत दिसत होती. उरलेली बत्तीस मिनिटं गृहस्थ आमगावात जिलेबी खात बसले असणार.

"बाप्पा," रुख्माबाई मटकन खाली बसल्या. "आता तिनं हे पाहिलं तर?"

"तिनं अट घातली, तिच्या बापानं मोडली, तिलकचा काय दोष?" धुरपताबाई म्हणाल्या.

"सासऱ्याचं नाव घेनार काय पहिल्याच पायरीले?" शालीकराम म्हणाला. "माह्या नाव सांग. दुपट्टा तोंडावर होता म्हन."

"तुझं कायले? माझं सांग," गुरुजी म्हणाले. "माझा तसाही एकाहत्तर आहे, त्रेसष्टनं काय बिघडते?"

"माह्या एकही नाही!" उमेंद्र मागून ओरडला. "माह्या सांगा!"

सोळा माणसांनी सोळा नावं दिली. गावानं एवढ्या प्रेमानं कधी गुन्हा मागितला नव्हता. तिलक मोबाईल हातात धरून उभा होता. कपाळावरचा कोंडा घामानं खाली ओघळत होता. फोटो झाकला तर ती संध्याकाळी उघडून पाहणारच. सांगितलं तर बाप दुखावणार, आणि दुखावलेल्या बापानं हो म्हटल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. त्यानं नंबर लावला. अंगण इतकं शांत झालं की पोत्यांतलं धान ऐकू यावं.

"मी तिलक पटले. फोटो आला. त्रेसष्ट."

पलीकडून आवाज आला, "कोण होतं?"

"तुमचे बाबूजी."

रुख्माबाईंनी डोळे मिटले.

"जातानाचा आहे," तिलक म्हणाला. आता सुरू झालाच होता तर सगळंच सांगून टाकावं असं त्याला वाटलं. "पाटी दिसत होती. पन्नास मिनटं त्यायनं पाळली, पन बसून पाळली. नियमात भोक आहे ते, मी बुजवतो. दुसऱ्या कोनाचं नाव सांगा म्हनून अठी सोळा जन मांगं लागले आहेत, पन होते तेच."

"आणखी?"

"आणखी... खुश दिसून राहिले फोटोत. बम खुश."

मग मोबाईल बाजूला धरल्याचा आवाज आला, आणि त्या बाजूला, सालेकशाकडच्या एका अंगणात, ओमेश्वरी अशी कडाडली की इकडं आमच्या कोंबड्या पुन्हा छपरावर गेल्या.

"बाबूजी! इकडे या जरा. त्रेसष्टवर गेलते काय तुमी? नाही म्हणू नका! जावयानं सांगितलं मले!"

अंगणातल्या सोळा माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. रुख्माबाईंनी एक डोळा उघडला. तिलकच्या हातातून मोबाईल सुटला तो गुरुजींनी धोतराच्या ओच्यात झेलला, आणि गुरुजींनी तो कानाला न लावता वर धरला, म्हणजे सगळ्यांना ऐकू यावं.

पलीकडे काहीतरी पडलं, कोणीतरी हसलं, आणि मग कुंजीलालचा आवाज आला, लांबून, अंगणाच्या दुसऱ्या टोकावरून, अपराध्याचा नव्हे तर पंचविशीतल्या पोराचा: "पन पोरी, गाडी मस्त आहे वो! काय पळते!"